पाचवा माळा रिकामा आहे

एप्रिलच्या दुपारी सोलापुरात सावलीची किंमत काय असते, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. अक्कलकोट रोडला कारखान्यांच्या शेड जिथे संपतात, तिथून आत उघड्या रानात नव्या वसाहतीसाठी पाण्याची उंच टाकी बांधून होत आली होती. आजूबाजूला झाड म्हणून नाही. सावली एकच, टाकीची, आणि तीही दिवसभर गोल गोल सरकत राहायची. दुपारी जेवणं झाली की माणसं त्या सावलीच्या मागे मागे जायची.

मी तिथे सेफ्टी ऑफिसर होते. ठेकेदार कोण ते सांगत नाही, उगाच कशाला. माझं नाव दीक्षा, पण साइटवर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की 'शिटी'. कारण माझ्या गळ्यात कायम शिटी असायची आणि मी ती वाजवायला कधी लाजले नाही. माझे वडील रंगकाम करायचे. मी आठवीत असताना ते तिसऱ्या मजल्यावरून पडले आणि पुढची बारा वर्षं एका खोलीत पडून राहिले. म्हणून मी या लायनीत आले असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे डिप्लोमाला तेवढीच जागा शिल्लक होती. पण पडलेला माणूस घरात असला म्हणजे घराचं काय होतं, ते मला ठाऊक होतं. माझ्या साइटवरून माणूस पडता कामा नये, एवढी एकच गोष्ट मला त्या नोकरीत जिवापाड वाटायची. बाकी रजिस्टरं आणि फोटो मी पोटासाठी करत होते.

टाकीचा खांब म्हणजे खालपासून वरपर्यंत एक जाड, पोकळ, गोल मनोरा आणि त्याच्यावर टाकीचं वाडगं. भोवती लोखंडी पाइपांची परांची. दर सहा-साडेसहा फुटांवर फळ्या टाकून गोल रस्ता केलेला, त्याला आमची माणसं माळा म्हणत. असे अकरा माळे. परांची गोल असली की एक पंचाईत असते. कुठल्याही माळ्यावर उभे राहा, तुम्हाला अलीकडचा तुकडाच दिसतो. पलीकडे कोण आहे, जागा आहे की झोपलाय, काही कळत नाही.

आणि माणसं झोपायचीच. जमिनीवर खडी तापलेली, वर फळ्यांवर जरा वारा. सावलीच्या बाजूला जाऊन डोक्याखाली हेल्मेट घेऊन पडायचं. मी ते बंद केलं. शिवाय परांची उतरवायची वेळ आली तेव्हा एक नियम केला. माळा खोलण्याआधी सगळ्यांनी खाली यायचं. मिस्त्रीनं खालून तीन वेळा विचारायचं, अमक्या माळ्यावर कोण हाय? वर कोणी राहिला असेल तर त्यानं 'हाय' म्हणायचं आणि शिडीपाशी येऊन तोंड दाखवायचं. ओ आली तर तो माळा खोलायचा नाही, मग काहीही होवो. तिन्ही वेळा शांतता असेल तर मी कागदावर 'माळा रिकामा आहे' या ओळीपुढे सही करायची आणि मगच पान्याला हात लावायचा.

पहिल्यांदा ते हसले. चन्नवीर म्हणून अक्कलकोटकडचा एक क्लॅम्प खोलणारा होता, तो म्हणाला की आमच्याकडं देवळातसुद्धा तीनदा विचारत नाहीत. पण टोळीचा मिस्त्री महिपती याला ते पटलं. पंचावन्नच्या पुढचा माणूस, तीस वर्षं परांच्या बांधलेला. त्यानं टोळीला दम दिला आणि दोन दिवसांत सगळ्यांना सवय लागली.

परांची उतरायला लागण्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी गौसला पकडलं. गौस टोळीतला सगळ्यात हलक्या हाताचा गडी, वय तिशीच्या आत, पाइपावरून घरच्या ओसरीत चालल्यासारखा चालायचा. दुपारी अडीचला मी खालून टाकीला फेरी मारत होते, तर पाचव्या माळ्याच्या कडेवरून एक पाय बाहेर लोंबत होता. बेल्टचा हूक कुठे अडकवलेला नाही. गडी गाढ झोपलेला. तेहतीस फूट.

माझं डोकंच फिरलं. मी शिटी फुंकली, एकदा नाही, पाच-सहा वेळा, कान किटेपर्यंत.

गौस ताडकन उठला आणि उठल्या उठल्या चालायला लागला, तोही कडेच्या दिशेनं. एक पाय फळीच्या बाहेर गेला आणि त्याच्या हाताला पाइप लागला. कसा लागला ते त्यालाच माहीत. मग तो शिडीवरून खाली आला. मी त्याला बोलायचं ते सगळं बोलले. तो माझ्याकडे बघत होता, पण ऐकत नव्हता.

महिपती बाजूला उभा होता. गौस गेल्यावर म्हणाला, "मॅडम, झोपलेल्या माणसाला असं उठवत न्हाईत. जवळ जाऊन हात लावायचा असतोय."

मी म्हटलं, पुढच्या वेळी तुम्हीच उशी-पांघरूण घेऊन जा वर.

मंगळवारपासून परांची उतरायला लागली. अकरावा, दहावा, नववा. काम चांगलं चाललं होतं. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते साडेसहा, मधल्या वेळात उन्हामुळे लोखंडाला हात लागत नव्हता. प्रत्येक माळ्यापूर्वी महिपती विचारायचा, वर शांतता असायची, मी सही करायची. एकच गोष्ट मला खटकली. सकाळच्या हजेरीला गौस ओ देत नव्हता. नाव घेतलं की नुसता हात वर करायचा. मला वाटलं, रुसलाय. रुसू दे म्हटलं, जिवंत राहून रुसू दे.

गुरुवारी संध्याकाळी साडेचारला सहावा माळा उतरून झाला आणि पाचव्याची पाळी आली. सगळे खाली आले. महिपतीनं तोंडाभोवती हात धरून विचारलं, "पाचव्यावर कोण हाय?"

शांतता.

दुसऱ्यांदाही शांतता. मी पेनाचं टोपण काढलं.

तिसऱ्यांदा विचारलं आणि वरून, पलीकडच्या बाजूनं, आवाज आला. "हाय."

ओरडून नाही. झोपेतला माणूस कूस बदलताना बोलतो तसा.

महिपतीनं माणसं मोजली, मी मोजली. टोळी नऊ जणांची. नऊच्या नऊ समोर उभे. कोणीतरी बाहेरचा चढला असेल म्हणून मी बेल्ट लावून वर गेले आणि पूर्ण फेरी मारली. कोणी नव्हतं. मग मी आणि महिपती दोघं गेलो. शिडीपासून तो डावीकडून निघाला, मी उजवीकडून. मधे निसटायला जागा नको. पलीकडे आम्ही समोरासमोर आलो आणि क्षणभर एकमेकांनाच दचकलो. मधे कोणीच सापडलं नव्हतं.

मी आवाजाचा विचार केला. मनोरा पोकळ आहे, खालचं लोखंडी दार उघडं आहे, घुमत असेल. खाली येऊन दार लावून घेतलं. मग मी स्वतः मोठ्यानं आकडे म्हटले, माझं नाव म्हटलं, काहीच परत आलं नाही. महिपतीला म्हटलं, आता विचारा. त्यानं विचारलं. या वेळी पहिल्याच खेपेला ओ आली.

नियम माझाच होता. मी काम थांबवलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. रात्री जेवण गेलं नाही, पण मी स्वतःला सांगत राहिले की उद्या सकाळी काहीतरी साधं कारण सापडेल.

शुक्रवारी सकाळी गौस माझ्या शेजारी उभा राहून जारमधून बाटली भरत होता. महिपतीनं हाक दिली. वरून "हाय" आलं. मी पुढे झाले आणि ओरडले, नाव सांग.

"गौस."

बाटली भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी गौसनं नळ बंद केला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओठ मिटलेले होते. आवाज त्याचाच होता, त्यात शंका नाही. टोळीतला एकही माणूस हसला नाही.

थोड्या वेळानं गौसनं नळ बंद केला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, माळा खोलू नका. आधी त्याला उतरू द्या."

"कोणाला?"

"मला काय म्हाईत. पण झोपेत हाय तो."

मी त्याला त्या क्षणापासून परांचीला हात लावायची बंदी केली. पन्नास फुटांवर पत्र्याच्या आडोशाला बसवला आणि सांगितलं की तिथून उठायचं नाही. मला एवढंच समजलं होतं की या सगळ्यातून कोणाला धोका असेल तर तो गौसला आहे. तो जमिनीवर राहिला तर पडणार नाही. माझी अक्कल इथपर्यंतच चालली.

साइट इंजिनिअर प्रभु साहेब अकरा वाजता आले. माणूस वाईट नव्हता. टाकीत सोमवारी पाणी भरून चाचणी घ्यायची होती, त्याआधी परांची निघायला हवी होती. मी त्यांना जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, टोळीत किती माणसं? नऊ. जमिनीवर किती? नऊ. मग वर कोण आहे, मॅडम? मी चार वर्षं लोकांना हेच शिकवत आले होते. ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, माणसं मोजा.

ते गेल्यावर महिपती आला आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "वर जावा नि हात लावून उठवा त्याला. शिटी तुमी मारली हाय, तर हातबी तुमीच लावायचा. आमच्यानं व्हायचं न्हाई ते."

मी त्याला वेड्यात काढलं. तरी चार वाजता मी वर गेले. एकटीच.

पाचव्या माळ्यावर पूर्वेच्या बाजूला सावली होती. लोखंड अजून तापलेलं होतं, हातमोज्यातून चटका लागत होता. वारा पडलेला. खाली कुणीतरी फळ्या रचत होतं, त्याचा आवाज येत होता आणि मग तोही थांबला. मी हूक अडकवला. गौस ज्या जागी झोपला होता तिथून पाच पावलांवर उभी राहिले.

फळीवर आपल्याशिवाय दुसरा माणूस उभा असेल तर ते पायांना कळतं. परांचीवर काम केलेल्या कोणालाही विचारा. तो हलला की आपल्या पायाखाली फळी किंचित दबते, किंचित वर येते. डोळे मिटले तरी कळतं.

माझ्या पायाखालची फळी दबली.

पुन्हा वर आली.

कोणीतरी झोपेत कुशीवर वळावं, तशी.

मी पाच पावलं पुढे जाऊन, खाली वाकून हात पुढे करायचा होता. एवढंच. हवेला हात लावायचा होता. खालून नऊ माणसं बघत होती आणि मला लाज वाटली. हे मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं तर मला भीती वाटली. माझ्या हाताला काहीतरी लागेल याची भीती.

मी हूक काढला आणि खाली आले. खाली महिपतीनं विचारलं, लावला? मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी साडेसातला मी महिपतीला सांगितलं की आज विचारू नका. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कागद पुढे ओढला आणि 'पाचवा माळा रिकामा आहे' या ओळीपुढे सही केली. न विचारता केलेली ती माझी पहिली सही. नऊ माणसं जमिनीवर होती. मी दोनदा मोजली होती.

चन्नवीर आणि आणखी तिघं वर गेले. फळ्या एकेक करून दोरानं खाली यायला लागल्या. पश्चिमेच्या, उत्तरेच्या. पूर्वेच्या सगळ्यात शेवटी. मी गौसजवळ जाऊन उभी राहिले. तो उकिडवा बसून टाकीकडे बघत होता.

शेवटची फळी निघाली.

गौसनं दोन्ही मुठींनी जमीन धरली. नखांत माती गेली. गाडी खड्ड्यात आदळावी तसा एकदा हिसका बसला त्याला, आणि मग तो तसाच बसून राहिला. मी कान देऊन उभी होते. पडल्याचा आवाज येईल म्हणून.

आला नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत परांची पूर्ण उतरली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. रजिस्टरमध्ये मी तसं लिहिलं. सोमवारी पाणी भरलं, टाकी कुठे गळली नाही, पेढे वाटले. गौस त्या शनिवारनंतर कामावर आला नाही.

मेच्या शेवटी त्याच्या बायकोचा, अमिनाचा फोन आला. नंबर महिपतीनं दिला होता. ती एवढंच म्हणाली की मॅडम, एकदा येऊन बघून जा. मी दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला त्यांच्या वस्तीत, नई जिंदगीला गेले. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंनी अर्धी बांधलेली घरं, कुठूनतरी मिक्सरचा आवाज. त्यांचं घर एकमजली, वर उघडा स्लॅब. पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया तशाच वर ठेवलेल्या.

गौस आत खाटेवर बसला होता. अंगावर धुतलेला शर्ट, दाढी केलेली. तब्येत बरी दिसत होती. मला बघून त्यानं मान हलवली, ओळखलं. पण बोलला नाही. अमिना म्हणाली की तेव्हापासून एक शब्द नाही. जेवतो, झोपतो, समराला, त्यांच्या मुलीला, मांडीवर घेऊन बसतो. दवाखाने झाले. घसा ठीक आहे म्हणतात, कानही ठीक आहेत.

मग ती म्हणाली, "आता तुम्ही ऐका." आणि गौसकडे तोंड करून, नेहमी मारत असेल तशी, तिनं हाक मारली. "समराचे अब्बा."

"ओ," वरून आवाज आला. स्लॅबवरून.

गौस समोर बसला होता. ओठ मिटलेले.

मी मान वर करून छताकडे बघत राहिले. अमिनाला मात्र त्याची सवय झालेली दिसली. ती म्हणाली, "आधी जिन्याच्या तोंडाशी बोलायचा. मी म्हटलं, बरं हाय, घरातच हाय. मग मधोमध आला. रोज थोडा थोडा सरकतोय मॅडम. आता कडेला हाय." तिनं बोळाच्या बाजूला बोट दाखवलं. "तिकडं कठडा न्हाई."

मी जिना चढले. मागून अमिना आली नाही. स्लॅबवर वाळत घातलेले कपडे नव्हते, पाण्याची टाकी एका कोपऱ्यात, बाकी सगळं उघडं. ऊन अजून कडक होतं. बोळाकडची कडा माझ्यापासून दहा पावलांवर. मी बेल्ट आणला नव्हता. एवढ्या वर्षांत कडेजवळ मी बेल्टशिवाय कधी गेले नव्हते.

मी मोजून आठ पावलं टाकली. मग खाली बसले आणि बसूनच पुढे सरकले. कडेशी आल्यावर मी हळू आवाजात, अगदी शेजारच्या माणसाला उठवावं तसं म्हटलं, "गौस."

"ओ."

कडेवरून नाही. कडेच्या बाहेरून. माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, जिथे खाली काहीही नव्हतं तिथून.

मी हात पुढे केला. या वेळी केला. हाताला काही लागलं नाही. बोटांना गार वाटलं, एवढंच, आणि तेही कदाचित मलाच वाटलं असेल.

मग मी खाली बघितलं. गौस घरातून बाहेर आला होता. बोळात, बरोबर माझ्याखाली, तोंड वर करून उभा होता. दोन्ही हात पसरून वर धरले होते, कोणाला तरी झेलायचं असावं तसे. समोरच्या घरातली बाई त्याला वळसा घालून घागर घेऊन गेली. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हणजे तो रोजच तिथे असा उभा राहत असणार.

मी त्याला हात केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर माझ्या जराशी अलीकडे, हवेत एका जागी होती, आणि मी बघता बघता ती नजर वीतभर खाली आली.